चतुःसीमा

भाडेकरार टाइप करायला माझ्याकडे येतात
कॅनडा कॉर्नरपासून थत्ते नगरपर्यंतची माणसं.
अकरा महिने. डिपॉझिट. दरसाल दहा टक्के.
मजकूर ठरलेला. मी नावं तेवढी बदलते,
आणि खाली मिळकतीचं वर्णन :

पूर्वेस – थेटे यांची पिठाची गिरणी.
पश्चिमेस – कॉलनीचा रस्ता.
दक्षिणेस – सोसायटीची पाण्याची टाकी.
उत्तरेस – बिल्डिंगचा जिना.

गिरणी बंद पडून चार वर्षं झाली.
तिथे आता कॉफी मिळते, एकशे ऐंशीला,
फेसावर पान काढून.
पान इतकं सुबक की मोडवत नाही, असं भाची म्हणाली.
मी अजून गेले नाही.
थेटेकाका डबे नुसते बघून ओळखायचे.
"नागलीचा ना तुमचा? बाजूला ठेवलाय,
गव्हावर नाही टाकला."

गाळा नंबर तीनमध्ये देवऱ्यांची मिसळ होती,
चार बाकं, पापडाचे वेगळे पैसे.
मिसळ आता शहराबाहेर मळ्यात गेली :
झोपाळा, बैलगाडी, फोटोपुरती चूल,
पार्किंगला शिट्टी घेतलेला माणूस.
देवरे तिथेच आहेत, तर्रीवर, पगारी.
म्हणतात, चव तीच आहे, पातेलं मोठं झालं,
आणि रविवारची झोप मिळत नाही, पण भाड्याची चिंता गेली.
हे मुद्दाम लिहिते.
सगळंच बिघडलं असं मला म्हणायचं नाही.

त्या गाळ्याचे नंतर मी पाच करार केले.
मोबाइलची कव्हरं.
मोमो.
परत मोबाइलची कव्हरं.
रक्त-लघवी तपासणी.
आता कुत्र्यांचे केस कापतात.
मोमोवाला सुरेन राई, सही नेपाळीत केली,
म्हणजे आपल्याच अक्षरांत;
मला वाचता आली म्हणून आम्ही दोघं
उगाचच खूश झालो.
सात महिन्यांत गेला. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले.
रंग त्यानंच दिला होता.

पण पाचही करारांत पूर्वेस गिरणी आहे.
मी एकदा बदलायला गेले, तर निकुंभ वकील म्हणाले,
"बाई, हात लावू नका, जुन्या कागदाशी जुळणार नाही."
म्हणून कुत्र्यांचे केस अजून
गिरणीच्या शेजारी पडतात,
कागदावर दळण चालू आहे.

मंगळवारी पारखांचा मुलगा आला. खुर्चीवर बसला नाही.
"मावशी, एक करार करायचा होता."
कुणाचा?
"तुमचाच."
नऊचे बावीस. हजार.
मार्केट रेट, म्हणाला, आणि पंख्याकडे बघत राहिला,
जो त्याच्या वडिलांनी बसवून दिला होता.

फाइल उघडली.
लिहून देणार – पारख.
लिहून घेणार –
सत्तावीस वर्षं या दोन ओळींच्या मधे मी
दुसऱ्यांची नावं बसवत आले.
रत्नप्रभा खैरनार, वय ५८, धंदा टंकलेखन.
बोटं अडखळली नाहीत. सवय असते.
'धंदा'पाशी जरा थांबले, ते चष्म्यामुळे.
दोन प्रती काढल्या. टाइपिंगचे दोनशे
त्याच्याकडून घेतले.
त्यानंही मुकाट्यानं दिले.

सही केलेली नाही. शनिवारपर्यंत मुदत आहे.
पाथर्डी फाट्याला एक गाळा आहे म्हणतात,
टेबल मावेल, झेरॉक्स मशीन मावणार नाही.

संध्याकाळी कॉफीवाला मुलगा आला,
त्याचे अकरा महिने भरले होते.
जुना करार काढला, तारीख बदलली, आकडा बदलला.
तो वाकून स्क्रीनवर वाचत होता.
"उत्तरेस – खैरनार टायपिंग सेंटर.
हे असंच ठेवायचं ना? म्हणजे मी ऐकलं की..."

असू द्या, म्हटलं.
जुन्या कागदाशी जुळलं पाहिजे.